चिटणीस शिरा खाऊन गेले

हैदराबाद राज्याचे तुकडे झाले त्या वर्षी मी कॉलेजात जायचा होतो. वडील जुन्या सरकारच्या दफ्तरात कारकून. त्यांची फाइल मुंबईला गेली आणि वडील राहिले इथेच हैदराबादेत, गौलीगुड्यात. इकडचे म्हणत, पगार तिकडून घ्या. तिकडचे म्हणत, कागद अजून पोचले नाहीत. माझ्या सरकारी शिष्यवृत्तीची तीच गत. मराठी म्हणून इथे नाही, हैदराबादेत राहतो म्हणून तिथे नाही. बसा बोंबलत!

उरला आपल्याच मराठी मंडळींचा विद्यार्थी निधी. पहिल्या वर्षाची फी तो निधी भरायचा. पण आधी त्याचे चिटणीस घरी येऊन बघून जायचे, घर खरोखर गरीब आहे की नाही ते. फीची मुदत सोमवारी संपत होती. चिटणीस शनिवारी येणार होते.

घरी माणूस येणार म्हटल्यावर आईच्या अंगात आलं. शेजारच्या तेलुगू अम्मांकडून तिनं रवा, साखर, तूप उसनं आणलं. त्यांच्या चांदीच्या वाट्या आणल्या, वर त्यांचीच जरीची साडी नेसली. समोरच्या वकिलांच्या वेताच्या खुर्च्या मी नि वडिलांनी उचलून आणल्या. मी चिडून म्हटलं, अगं, ते आपली गरिबी बघायला येतायत. ती म्हणाली, म्हणून काय आल्या माणसाला नुसत्या पाण्यावर पाठवायचं? वडील खुर्च्या पुसायला लागले. इज्जतीचा विषय निघाला की आमच्या घरात सगळ्यांची अक्कल गहाण पडायची.

चिटणीस आले, खुर्चीत ऐसपैस बसले. शिऱ्याची वाटी चाटूनपुसून संपवली आणि मेल्यानं पुन्हा मागून शिरा खाल्ला. कसं काय चाललंय, असं त्यांनी विचारलंही. वडील म्हणाले, ठीक चाललंय. पगार थकल्याचं त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. आई आतून खुशीत बघत होती.

रविवारी कोठी भागातल्या एका हॉलमध्ये निधीच्या सभेत आम्हा अर्जदार पोरांना सगळ्यांसमोर उभं केलं. माझी पाळी आली तेव्हा चिटणीस हसत म्हणाले, "यांच्याकडे मी चांदीच्या वाटीत शिरा खाऊन आलोय. असल्या घरानं गरिबाच्या ताटात हात घालू नये."

लोक हसले. माझे कान तापले. मी सांगून टाकलं की वाट्या उसन्या होत्या, खुर्च्या उसन्या होत्या, साडीसुद्धा.

चिटणिसांचं हसू गेलं. "म्हणजे आम्हाला फसवलंत. मग तर प्रश्नच मिटला," म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं.

घरी आलो तर आई दारातच उभी होती. मी तिला सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली,

"शिरा नको होता का करायला?"

"नको होता," मी म्हटलं.

सोमवारी वडिलांनी मला बेगम बाजारातल्या एका घाऊक किराणा दुकानात नेऊन चिकटवलं. दिवसभर मी रवा तोलला. निघताना शेठनं पहिला दिवस म्हणून थोडा बांधून दिला. घरी येऊन पुडी आईच्या हातात ठेवली. तिनं ती सोडलीसुद्धा नाही. पदर सारखा केला आणि उसना रवा फेडायला तशीच अम्मांकडे गेली.