सरावाचा जोडीदार

दादा टेनिसमधून निवृत्त झाला तेव्हा कुणाला पत्ताही लागला नाही. पेपरात दोन ओळी आल्या असत्या तर आईने कापून ठेवल्या असत्या, पण आल्याच नाहीत. चौदा वर्षं तो व्यावसायिक खेळला, जागतिक क्रमवारीत पहिल्या तीनशेत कधी आला नाही. नुसत्या स्पर्धांवर भागेना, म्हणून एका बड्या खेळाडूचा सरावाचा जोडीदार झाला.

हे काम म्हणजे काय, तर मालकाला हवा तसा चेंडू द्यायचा. त्याला बॅकहँड घोटायचाय? घ्या, दोनशे चेंडू बॅकहँडला, बरोबर कमरेच्या उंचीवर. त्याला फार पळवायचं नाही, त्याचा मूड घालवायचा नाही. दादा यात इतका तरबेज झाला की त्या पठ्ठ्याने त्याला पाच वर्षं सोडलं नाही.

मग एकदाच, पात्रता फेऱ्या पार करून दादा मोठ्या स्पर्धेत पोचला, आणि पहिलीच गाठ पडली ती या मालकाशी. मी आणि वहिनी घसा बसेस्तोवर ओरडलो. दादाला त्याची एकूण एक खोड माहीत होती. उजवीकडे पळवलं की गडी गडबडतो, हे त्यानेच आम्हाला सांगितलं होतं. पण हात ऐकेना. चेंडू पुन्हा पुन्हा बॅकहँडला, कमरेच्या उंचीवर. तासाभरात खेळ आटोपला. जाळीपाशी हात मिळवताना मालक म्हणाला, "छान सराव झाला." दादा हसला. मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली.

वहिनी त्यानंतर तीन वर्षांनी घर सोडून गेली. भांडण नाही, तंटा नाही. "याच्याशी भांडताच येत नाही गं," एवढंच मला म्हणाली. तेव्हापासून दादा एका क्लबात हौशी मंडळींना शिकवतो आणि दोन खोल्यांत एकटा राहतो. मी कधी भेटायला गेले की निघताना मला दारातून हलूच देत नाही. काहीतरी विचारत राहतो, क्लबातल्या नळाचंसुद्धा सांगतो. फार वाईट वाटतं.

गेल्या रविवारी सकाळी मी तिथे असतानाच वहिनीचा फोन आला. तिची आमच्या गावी बदली होऊ शकत होती, आणि होकार-नकार दुसऱ्या दिवशी कळवायचा होता. बदलीचं कानावर आल्यापासून दादा महिनाभर याच फोनची वाट बघत होता. नवे पडदे शिवून घेतले होते, कपाटाचा अर्धा भाग रिकामा केला होता. हात भाजी चिरण्यात गुंतलेले, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"येऊ का मी?" तिने विचारलं.

मी खुणा करून हैराण. हो म्हण रे दादा, एवढं एकच म्हण.

"तुझ्या सोयीने बघ," तो म्हणाला. "तुला बरं वाटेल तसं."

"तुला काय वाटतं ते विचारतेय मी."

"माझं काय, मी कसाही राहीन."

"बरं," ती म्हणाली. "राहा मग."

फोन बंद झाला. दादाने सुरी खाली ठेवली आणि काळजीने माझ्याकडे बघितलं.

"दडपण नाही ना आणलं मी तिच्यावर?"