कड स्वच्छ होती

"सविता, परत आलंय गं," घाटकोपरच्या दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या. त्याच डाव्या स्तनात, जुन्या व्रणाच्या शेजारी. मी एकटीच गेले होते. नेहमीची तपासणी, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं.

पहिल्या वेळी लम्पेक्टॉमी केली होती. म्हणजे गाठ आणि भोवतालचं थोडं मांस काढायचं, स्तन वाचवायचा. मला तो हवा होता. का नसावा? मग रेडिएशन घेतलं. रिपोर्टात 'मार्जिन क्लिअर' आलं होतं, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत. माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

"मग क्लिअर म्हणजे काय हो?" मी चिडूनच विचारलं.

बाई रागावल्या नाहीत. गाठीभोवतीच्या, मायक्रोस्कोपखाली अगदी चांगल्या दिसणाऱ्या पेशींतही कधीकधी एपिजेनेटिक बदल झालेले असतात, म्हणाल्या. म्हणजे जीन तेच, पण ते चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा बदललेल्या. घरातली वायरिंग तीच, बटणं मात्र भलतीच दाबलेली.

"तुझ्यात तसंच झालं, हे खात्रीने नाही सांगू शकत. नेहमीच्या तपासणीत ते कळत नाही, अजून संशोधन चालू आहे. पण तेव्हाचा निर्णय बरोबरच होता. तुझं काही चुकलं नाही."

मुलुंडला घरी आले, तर आई म्हणाली, "तेव्हाच सांगी होतंय, सगळा काढून टाक. पण तुका मिरवूक व्हया होता ना!"

आई मालवणची, जीभ तिखट. पण हे काळजात घुसलं. नळ सोडून बाथरूममध्ये रडले. बाईंचं डोक्याला पटत होतं, मनाला नाही. माझ्या हौसेपायीच परत आलं, असंच वाटत राहिलं.

मग मास्टेक्टॉमी झाली, पूर्ण स्तन काढला. प्रकाश आणि आई दिवसभर वेटिंग रूममध्ये बसून होते. बाईंनी बाहेर येऊन आईलाही सगळं नीट समजावलं, असं प्रकाशने नंतर सांगितलं.

टाके निघाल्यावर आईनेच मला आंघोळ घातली. माझी सपाट छाती तिने पहिल्यांदाच बघितली. तांब्या हातात तसाच राहिला.

"किती सोसलंस गो माझ्या बाये! मी उगाच बोललंय तुका. तुझी काय एक चूक नाय."

दोघी तिथेच ओल्या लादीवर बसून रडलो.

स्तन गेल्याचं दुःख आहे. ब्लाउज घालताना रोज होतं, कशाला लपवू? पण तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली, तर 'तू असं केलंस म्हणून' एवढं तिला म्हणू नका. डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. तरी मी सुटले ती आईने म्हटल्यावर.