चोवीसच्या गाडीत बाराचा दिवा

पुण्यात येऊन वर्ष होत आलं तरी माझ्या मनातली धाकधूक गेली नव्हती. आठवीनंतर शाळा सुटली, पुढे काही वर्षांनी चंद्रपूरकडचं गावही सुटलं आणि जनरेटर भाड्याने देणाऱ्या एका यार्डात मी ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागलो. तेव्हा हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या, वीज मात्र सारखी जायची. त्यामुळे काम भरपूर. पण रोज सकाळी वाटायचं, आज काहीतरी चुकेल आणि शेठ म्हणतील, जा बाबा परत गावाला.

त्यात शेठनी परदेशातून आलेला एक जुना ट्रेलर घेतला, जनरेटर त्यावरच बसवलेला. त्याचे ब्रेक विजेवर चालणारे. मी ट्रकचा ब्रेक दाबला की मागच्या चाकांतल्या चुंबकांना करंट जायचा आणि चाकं धरली जायची. अडचण एवढीच की ते ब्रेक बारा व्होल्टचे आणि आमचा ट्रक चोवीसचा. सरळ जोडले तर चुंबक जळणार. शेठनी विचारलं, "जमेल ना रे?" मी घाबरून "हो" म्हणून टाकलं. मग ट्रकवाले सगळे करतात तेच केलं. चोवीससाठी बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात. त्यातल्या एकीवरूनच आम्ही टेप चालवतो, देवाचा दिवा लावतो. माझ्या केबिनमध्ये महाकाली मायच्या तसबिरीपुढचा लाल दिवा तसाच चालायचा. त्याच तारेवर मी ब्रेक जोडले. यार्डात ते झकास लागले. मी हात जोडून म्हटलं, माय, आता तूच बघ.

काही दिवस ट्रेलर तसाच इकडेतिकडे फिरवला, सगळं सपाटीवर. मग एका सकाळी तो कोथरूडच्या नव्या ऑफिसात पोचवायचा होता. म्हणजे चांदणी चौकाचा उतार, तोही गर्दीच्या वेळी. बावधनला आलो, पुढे तो उतारच होता. गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि मायला अगरबत्ती लावायला लागलो. तेवढ्यात शेजारच्या बंगल्यातून दुधाची पिशवी हातात घेऊन एक आजोबा बाहेर आले.

"अहो, हे फाटक आहे, देऊळ नाही. उदबत्ती पुढे जाऊन लावा."

"हो काका, काढतो." घाईघाईत ब्रेकवर पाय ठेवला आणि मायचा दिवा एकदम मंदावला. तिचा चेहराच दिसेना. पाय काढला, तर परत उजळला.

"आता काय झालं?"

"काका, मायचा दिवा जातोय."

ते दारापाशी येऊन डोकावले. मी पुन्हा ब्रेक दाबला. दिवा पुन्हा गेला.

"तुम्ही ब्रेक मारला की देवी डोळे मिटते वाटतं? शहाणी आहे."

ते थट्टेने म्हणाले, पण माझ्या अंगावर काटा आला. ब्रेक आणि माय एकाच बॅटरीवर होते! इंजिन चार्ज करतं ते दोन्ही बॅटऱ्यांना मिळून, आणि मी ओढत होतो एकीकडूनच. रोज थोडी थोडी ती रिकामी होत गेली होती. आमच्या गावात जोडीतल्या एकाच बैलाला कुणी भरल्या गाडीला जुंपत नाही. मी तेच केलं होतं. उतारावर पाय ब्रेकवरच राहणार, नेमकी तिथेच ती बसली असती, आणि मागचं धूड मला ढकलत खाली गर्दीत घेऊन गेलं असतं.

मी इंजिनच बंद करून टाकलं. आजोबांनी ते पाहिलं असावं. फाटकावरच्या 'गाडी लावू नये' या पाटीकडे बघून म्हणाले, "आज पाटीला सुट्टी. आत या, पाणी प्या."

त्यांच्याच फोनवरून शेठना सांगितलं, "शेठ, ते मला नीट येत नव्हतं." गावाची वाट मनात धरूनच बोललो. शेठनी एवढंच विचारलं,

"उतार उतरलास का?"

"नाही."

"मग हलू नकोस. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर घेऊन मीच येतो."

शेठ आले. दोन्ही बॅटऱ्या मिळून आत चोवीस, बाहेर बारा, असं आम्ही जोडलं. मागची चाकं घट्ट धरली गेली.

बॅटरी उतरली की दिवा मंदावणारच, हे मलाही कळतं. तरी मला नेमकं त्या फाटकाशी कुणी थांबवलं, तो प्रश्न मी मायच्या पायाशी ठेवला आहे. त्याआधी मला वाटायचं, देवावर सोडणं म्हणजे हात जोडून पुढे निघणं. त्या दिवशी समजलं, "मला येत नाही" हे म्हणायलाही आधी तिच्यापुढे वाकावं लागतं.

उतार सावकाश उतरलो. खाली सिग्नल लागला. ट्रकच्या अगदी समोरून स्कूटरवर एक बाई गेली. मागे बसलेल्या तिच्या लेकीने माझ्याकडे बघून जीभ काढून दाखवली. मी ब्रेक दाबून धरला होता. ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो, आणि मग डोळ्यांतल्या पाण्याने मला पुढचं काही दिसेना.