अक्रोडाच्या सावलीत डिश लागत नाही

कॅम्पिंगला निघालेल्या माणसाला टीव्ही कशाला लागतो, असं तुम्ही विचारणारच. आम्हालाही लागला नसता. फुटबॉलचा वर्ल्ड कप जर्मनीत झाला, त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, चार दिवस रजा मिळाली होती. तिथल्याच बॉबलिंगेन गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये उकडून जीव जात होता, म्हणून भाड्याने वोनमोबिल घेऊन बोडनझेला, त्या मोठ्या तळ्याकाठी जायचं ठरवलं. वोनमोबिल म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला, शिजवायला, आंघोळीला, सगळं आत.

पुण्याहून आलेले माझे सासरे म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी थांबतो घरी. बातम्या चुकतील."

बातम्या! ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार नुसता. बाबा रोज संध्याकाळी सात वाजता हॉलचं दार लोटून टीव्ही लावायचे, तो एका हिंदी मालिकेसाठी. त्या मालिकेत नायिकेची वहिनी व्हायची माझी नणंद, मृदुला. तिने बँकेची पक्की नोकरी सोडून मालिकांत कामं करायला मुंबई गाठली, तेव्हापासून दोन वर्षं बाबा तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. सासूबाई नाहीत, त्यामुळे मध्ये पडायलाही कोणी नाही. लेकीला बघायचं ते एवढंच, काचेच्या पलीकडे. मी आणि नितीन तिच्याशी फोनवर बोलायचो, पण बाबांच्या कानावर जाऊ न देता.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ही वहिनी हॉस्पिटलात. नाकात नळ्या, नवरा देवापुढे. ती जगते की मरते, ते बुधवार-गुरुवारच्या भागांत कळणार होतं. मेली, तर मृदुला मालिकेतून बाहेर, आणि बाबांना ती दिसणंच बंद. एवढं सगळं असताना सत्तरीच्या माणसाला परक्या गावात, जर्मनचा एक शब्द येत नसताना, एकटं कसं सोडायचं? म्हणून डिश.

माझा स्वभाव संशयी आहे असं माझं सासर आणि माहेर दोन्ही म्हणतं. मी त्याला सावध म्हणते. वर्ल्ड कप संपल्यावर दुकानांत कॅम्पिंगच्या डिशा एकदम स्वस्त झाल्या, तेव्हाच माझ्या मनात आलं, की लोकांनी महिनाभर सामने बघून परत केलेल्या असणार ह्या. विकणारा पोरगा गोड बोलत होता. गोड बोलणाऱ्यावर तर माझा दुप्पट संशय.

तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर सांगते, प्रकार तीन असतात. एक घुमटासारखी डिश, गाडीच्या छपरावर बसते, बटण दाबलं की स्वतःच उपग्रह शोधते. महाग, आणि भाड्याच्या गाडीला भोकं कोण पाडू देणार? दुसरी चपटी पाटी. दिसायला देखणी, पण त्या पोराच्याच म्हणण्याप्रमाणे ढग आले की रुसते. तिसरी सुटकेसमधली, तिपाईवर उभी करायची, होकायंत्र बघून हाताने फिरवायची. आम्ही तिसरी घेतली. मी पेटी तिथेच उघडायला लावली, वास घेतला, स्क्रूवर ओरखडे आहेत का बघितलं. नितीन लांब जाऊन बॅटऱ्या बघत उभा राहिला.

डिशसोबत पाच मीटर केबल होती. पोरगा म्हणाला, वीस मीटरची घ्या. मी म्हटलं, गाडी किती लांब असते? डिश दारात ठेवायची, केबल खिडकीतून आत. वीस मीटर काय कपडे वाळत घालायला? तो म्हणाला, घ्या, पुढे उपयोगी पडेल. का, ते सांगेना. मी मनात म्हटलं, बाळा, इथेच पाणी मुरतंय. आणि पाच मीटरवर निघालो.

बुधवारी सकाळी घरचा रिसीव्हर, त्यातलं कार्ड, चिमुकला टीव्ही, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि प्रेशर कुकर असं सगळं घेऊन आम्ही ऑटोबानला लागलो. सरळ दक्षिणेला रस्ता, टोल नाही. वोनमोबिल शंभराच्या वर रेटू नका, वाऱ्याने हेलकावे खातं. मागच्या कपाटात कुकर वाजत होता आणि बाबा पुढच्या सीटवर मांडीवर रिसीव्हर घेऊन बसले होते. मी म्हटलं मागे ठेवू का, तर म्हणाले राहू दे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुपारी एक ते तीन इथल्या कॅम्पिंगच्या जागा मिटागसरूहं पाळतात, म्हणजे वामकुक्षी. फाटक बंद, गाडी आत नाही, तुम्ही कोणी का असेना. पुण्याची माणसं आम्ही, आम्हाला ते मनापासून पटलं. फाटकाबाहेर बसून दहीभात खाल्ला.

तीनला आत गेलो तर चमत्कार. तळ्यापासून चार पावलांवर अक्रोडाचं भलंमोठं झाड, खाली गार सावली, आणि ती जागा चक्क रिकामी! बाकी सगळे जर्मन रणरणत्या उन्हात पांढऱ्या गाड्या लावून भाजत पडलेले. नितीन आणि बाबा एका सुरात म्हणाले, इथेच. मला मात्र शंका आली. एवढी चांगली जागा मोकळी का? मी गटाराचं झाकण शोधलं, मुंग्यांची वारुळं शोधली, विजेचा खांब चालतो का बघितलं. काही सापडेना. म्हणून लावली गाडी.

समोरच्या उन्हात हेर (म्हणजे श्रीयुत) क्राउझं म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते, दर उन्हाळ्यात तिथेच मुक्काम. आमची डिश बघून ते चालत आले आणि म्हणाले, टीव्ही बघायचा असेल तर ही जागा चांगली नाही, माझ्या शेजारची घ्या. मी हसून आभार मानले. मनात म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, आम्ही उन्हात आणि तुम्ही अक्रोडाखाली, हो ना? खुशीने उन्हात कोण राहतं?

साडेसहापासून नितीन डिश फिरवत होता. जर्मन चॅनेल एका उपग्रहावर, आपले हिंदी त्याच्या शेजारच्या. बोटभर इकडे, बोटभर तिकडे. मी आतून ओरडत होते, "नाही... नाही... अजून नाही." पडद्यावर एकच वाक्य, सिग्नल नाही. साडेसात वाजले, भाग संपला. बाबा एवढंच म्हणाले, "असू दे." थालीपीठ अर्धंच खाल्लं त्यांनी. मी त्या विकणाऱ्या पोराचा मनातल्या मनात उद्धार केला. परत आलेला माल गळ्यात मारला, दुसरं काय?

गुरुवारी मेर्सबुर्गला गेलो. किल्ला आहे, द्राक्षांचे उतार आहेत, तिथून गाड्या घेणारी फेरीबोट पलीकडे कॉन्स्टान्झला जाते. गाडी न घेता नुसते पायी गेलात तर तिकीट किरकोळ आहे, जरूर जा. पाणी इतकं निळं की डोळे निवतात, पलीकडे आल्प्स. मी बाबांना शिखरं दाखवत होते आणि ते घड्याळ बघत होते. शेवटी मी म्हटलं, चला, परत जाऊ. आईस्क्रीमही बोटीवरच संपवलं.

संध्याकाळी क्राउझं पुन्हा आले. तेच पालुपद, जागा बदला. मी म्हटलं, नको. नितीन माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "अगं, तो माणूस दोनदा सांगतोय." मी म्हटलं, म्हणूनच.

सातला पाच मिनिटं असताना वारा सुटला. फांद्या हलल्या आणि एकदम पडद्यावर रंग उमटले. हिंदी! बाबा पुढे सरकले. चित्र चौकोनाचौकोनांत फुटत होतं, आवाज तुटत होता. मालिका सुरू झाली, कोणीतरी हंबरडा फोडला आणि चित्र थिजलं. एक भिंत. भिंतीवर फोटो. फोटोला हार. चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. मग पुन्हा तेच, सिग्नल नाही.

मालिकेतलं मरण ते, सगळ्यांना कळतं. पण बापाने लेकीच्या फोटोला हार बघायचा म्हणजे काय, ते मला बाबांकडे बघून कळलं. त्यांनी हात लांब करून टीव्ही बंद केला.

ते उठले, चपला घातल्या. म्हणाले, "वैशाली, तिचा नंबर तुला पाठ असेल."

चोराच्या मनात चांदणं. माझा चेहरा काय झाला असेल देव जाणे. म्हणजे ह्यांना सगळं माहीत होतं, आणि आम्ही मारे स्वयंपाकघराचं दार लावून बोलत होतो!

रिसेप्शनजवळ फोनचा बूथ होता. माझ्या पर्समध्ये भारताचं कॉलिंग कार्ड असतंच. आकडे मी दाबले, रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि बाहेर थांबले. उकाड्यामुळे दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं.

"मृदू, बाबा बोलतोय." मग, "जेवलीस का?"

तिचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला, हसत होती की रडत होती सांगता येणार नाही. "बाबा, मला मारलं हो त्यांनी सिरियलमध्ये."

"हो. नीट दिसलं नाही. मध्ये झाड होतं," बाबा म्हणाले.

मला रडू आलं. लाज कसली त्यात. आत बाबा विचारत होते, पुढचं काम हातात आहे का, पैसे वेळच्या वेळी देतात का, घरभाडं कोण भरतं. जन्मभर बँकेत काढलेला माणूस, दुसरं काय विचारणार? कार्डातली मिनिटं संपेपर्यंत बोलले. बाहेर येऊन म्हणाले, दुसरं कार्ड आहे का?

शुक्रवारी सकाळी मी ब्रोट, म्हणजे पाव, आणायला निघाले तेव्हा क्राउझं केबलचं भेंडोळं खांद्यावर टाकून आमच्या दारात. वीस मीटर. गाडी सावलीत राहू दे, म्हणाले, डिश माझ्या उन्हात आणा. नितीनने डिश तिकडे नेली, आणि मी पहिलं थालीपीठ उलटेपर्यंत सगळे चॅनेल आले, लख्ख. उपग्रह दक्षिणेच्या आकाशात, आणि आमच्या दक्षिणेला अक्रोड. म्हणून ती जागा रिकामी. मी क्राउझंना थालीपीठ दिलं. चटणी जपून खा म्हटलं, तर त्यांना वाटलं मी हात राखून वाढतेय, सगळी खाल्ली. या, या, म्हणजे हो, हो, म्हणत डोळे पुसत होते.

शनिवारी टाकी आणि संडासाची पेटी रिकामी करून (हे विसरलात तर गाडीवाला दंड लावतो) घरी आलो. जाणार असाल तर सुटकेसची डिश घ्या, लांब केबल घ्या, आणि आधी दक्षिण बघा, मग सावली. विकणारा पोरगा खरं बोलत होता. म्हणून पुढचाही खरंच बोलेल असं मी धरून चालणार नाही, तुम्हीही चालू नका.

सोमवारी सात वाजता हॉलचा टीव्ही मीच लावला. मालिकेत वहिनीचं तेरावं चाललं होतं, सगळं घर ढसाढसा रडत होतं. बाबा आतल्या खोलीत फोनवर. मी दारातून म्हटलं, "बाबा, सुरू झालं बरं का."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "तुम्ही बघा. तिथे ती गेली. इथे बोलतेय."