पंपाचा मुकादम

श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी आहे आणि विहीर चुलत्यांबरोबर सामाईक. एक दिवस पाणी त्यांचं, एक दिवस आमचं. पाळी चुकली तर चुकली, दुसऱ्या दिवशी मागायची पद्धत नाही. वडील गुडघ्यांनी पार बेजार झालेले, पण ऑपरेशनचा विषय काढला की म्हणायचे, वाडी कोण शिंपणार? म्हणून कंपनीचं काम घरी बसून करणाऱ्या त्यांच्या लेकीने, म्हणजे मी, विडा उचलला. पंपाला तळहाताएवढा संगणक जोडला आणि त्यातल्या क्रॉन नावाच्या प्रोग्रामला सांगितलं, आमच्या पाळीला सकाळी पंप सुरू कर. क्रॉन ठरल्या वेळी ठरलेली आज्ञा चालवतो. निदान तशी त्याची ख्याती आहे.

मी स्वतः आज्ञा टाइप केली की पंप लगेच सुरू. क्रॉनवर सोपवलं की ढिम्म. मी वायरी बदलल्या, चुलत्यांवर संशय घेतला, त्यांच्या कुत्र्यावरही घेतला. वडील मात्र काठी टेकत वाडीत जायचे, बटण दाबायचे आणि शीळ घालत परत यायचे. त्या शिळेचा मला भयंकर राग यायचा.

शेवटी ट्यूब पेटली. आपली आज्ञा ऐकून संगणकाकडून काम करून घेणारा मुकादम म्हणजे शेल. मी टाइप करते तेव्हा समोर बॅश नावाचा मुकादम असतो, त्याला माझ्या सगळ्या लकबी ठाऊक. क्रॉन मात्र मला न विचारता एसएच नावाचा साधा, जुना मुकादम बोलावतो. बॅशच्या खास सोयी वापरून लिहिलेली माझी ओळ त्याला कळायची नाही आणि तो काम टाकून मोकळा व्हायचा. क्रॉनच्या कामांच्या डोक्यावर मी एक ओळ घातली, की शेल म्हणून बॅशच वापर. बस्स. आणि मी कुत्र्याला शिव्या घालत होते.

पुढच्या पाळीला पंप आपणहून धडधडला, पाटातून पाणी धावलं. वाडीत निघालेले वडील पायरीवरच थांबले. मी ऐटीत फोन काढला आणि म्हटलं, आता पनवेलच्या डॉक्टरांची वेळ घेते.

ते पायरीवर बसले. "चालत नव्हता तेच बरं होतं गं," म्हणाले. "मला त्या ऑपरेशनची भीती वाटते."

माझा सगळा तोरा उतरला. इतके दिवस मी पंप दुरुस्त करत होते, त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. फोन बाजूला ठेवला आणि पाणी शेवटच्या पोफळीपर्यंत पोचेस्तोवर त्यांच्याजवळ बसून राहिले.