दोन तास मुरलेली कणीक

कॅनडात विंडसरला मी मुला-सुनेकडे राहते. तिथून बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा होता. एप्रिल लागला तरी बर्फ पडत होता. मला सूर्यास्ताआधी रूथला गाठायचं होतं, कारण नंतर सण लागतो आणि सणाला ती गाडीला हात लावत नाही. अलिबागच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती बेने इस्रायल (कोकणातले मराठी ज्यू). तिची आई नव्वदीची, अंथरुणाला टेकलेली. यंदाचा पेसाह (इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण) बहुधा आईचा शेवटचा, असं रूथ फोनवर म्हणाली होती.

वाटेत एक ट्रक आडवा झालेला. तासभर बस हललीच नाही. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. त्याने बस पुढे जाते थोडीच!

रूथ राहते त्या रिचमंड हिलला उतरले तेव्हा उजेड उतरत होता. रूथने मिठी मारली, घाईने गाडी काढली. तिच्या गल्लीत शिरता शिरता मी कौतुकाने डबा उघडला. तिने गाडी कडेला थांबवली.

"अगं, कणकेच्या?"

लहानपणी तिच्याच घरी पाहिलेलं मी साफ विसरले होते. या आठ दिवसांत भिजून मुरलेलं पीठ घरात चालत नाही. तिने बेसमेंटपासून एकेक कपाट पुसून काढलं होतं आणि मी तिच्या गाडीत तुपाचा घमघमाट घेऊन बसले होते. मला माझी इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. टाकून देते, म्हटलं. अन्न टाकायचं नाही, ती म्हणाली. आईचा हा सण बिघडू नये, एवढंच तिला हवं होतं.

पंधरा मिनिटं उरली होती. शेजारच्या पंजाबी बाई दारातला बर्फ फावड्याने बाजूला सारत होत्या. मोडक्या हिंदीत सांगून मी डबा त्यांना दिला, बर्फाने हात चोळले, कोट झटकला.

सणासाठी आईंना उठवून टेबलाशी उशीला टेकवून बसवलं होतं. खिडकीतून त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी पाया पडून चूक कबूल केली.

"कणीक किती वेळ मुरवलीस?"

"दोन तास."

त्यांनी बिनखमिराच्या चपट्या भाकरीवरचा रुमाल नीट केला. "तेवढा वेळ आम्हाला मिळाला नाही, बाळ."

हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि 'आम्हाला'! ज्यू धर्म मूळपुरुष अब्राहमपासून सुरू झाला असं मी वाचलं होतं, ते त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, अब्राहमला देवाने शब्द दिला हे खरंच. पण आम्ही एक लोक झालो ते इजिप्तमधून निघतानाच्या त्या पळापळीत, न फुगलेलं पीठ खांद्यावर टाकून.

दोन दिवसांनी निघताना त्यांनी माझा हात धरला. "सण सरला की पोळ्या घेऊन ये. मी थांबते."

आता सण सरलाय. विंडसरला सुनेच्या ओट्यावर कणीक झाकून ठेवली आहे आणि मी पुन्हा घड्याळ बघते आहे. दोन तास माझ्यापाशी आहेत. आईंपाशी किती, हे रूथला विचारायचं धाडस होत नाही.