दाजींची काळी कॉफी

माझे दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, दारू पीत नव्हते. हे वाक्य मी पंचवीस वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं. आमच्या पाहुण्यारावळ्यांत आजही सगळे असंच समजतात, की फौजेतला हा चांगला हवालदार रमच्या नादानं नायब सुभेदार व्हायचा राहिला. तसं झालेलं नाही. काय झालं ते मला माहीत आहे, कारण ते मीच केलं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. साताऱ्यात एसटी स्टँडजवळ माझं औषधांचं दुकान होतं. बहीण मुलांच्या शाळेसाठी सांगलीत, विश्रामबागेत, दोन खोल्या घेऊन सासूबरोबर राहायची. दाजी सुट्टीवर आले की आधी माझ्याकडे उतरत आणि मग सांगलीची गाडी धरत. त्या वर्षी आले ते ट्रंकेवर बसूनच राहिले.

"मेव्हणं, वजन लय वाढलंय."

"मेस मानवली म्हणायची."

"चेष्टा नको. माघारी गेलं की मेडिकल हाय. आठ किलो उतरलं न्हाई तर प्रमोशन गेलं. पुढच्या साली नोकरीच संपतीय, म्हंजे हा शेवटचाच डाव."

मी वरच्या फळीवरून भूक मारणाऱ्या गोळ्यांचा डबा काढला. चिठ्ठीशिवाय देऊ नये असं त्यावर छापलेलं होतं. मी दिल्या. माझ्या घरासाठी त्यांनी कँटीनमधून कॉफीचा डबा आणला होता, तोही त्यांना परत दिला. आमच्याकडे कॉफी म्हणजे उपासाला नाहीतर पाहुण्याला, दुधात जायफळ घालून. "भूक लागली की बिनदुधाची, बिनसाखरेची प्या," मी म्हणालो. "गोळीला जोर येतो."

हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. वर्षानुवर्षं गल्ल्यामागं उभं राहून लोकांना औषधं देणाऱ्या माणसाला कधीकधी आपण डॉक्टरच आहोत असं वाटायला लागतं.

"फक्त माझं नाव कुठं घेऊ नका," मी म्हणालो. "लायसन जाईल."

"फौजी हाय मी," दाजी हसले. "मान कापली तरी न्हाई घ्यायचो."

दरवर्षी सुट्टी संपवून परत जाताना ते ट्रंकेतल्या रमच्या दोन बाटल्या माझ्याकडे देत, या वेळी त्या सांगलीला निघतानाच माझ्या कपाटात ठेवल्या. त्या माझ्यासाठी असत. माझ्या घरी ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

चार-पाच दिवसांनी दुसरा डबा उघडताना आतला इंग्रजी कागद हाताला लागला म्हणून वाचला. छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, चहा-कॉफी जपून घ्यावी, असं बारीक अक्षरांत होतं. समोरच एसटीडीचा बूथ होता. बहिणीच्या घरमालकांचा नंबर माझ्या वहीत होता. उद्या करू, म्हणालो. उद्या गिऱ्हाइकं होती.

तीन आठवड्यांनी फोन बहिणीचाच आला. "दादा, रविवारी ये. फोनवर सांगण्यासारखं न्हाई."

गेलो. दाजींचे गाल बसले होते. सहा किलो उतरलं होतं, पण कपाळ सारखं घामानं भिजत होतं आणि पाय एका जागी राहत नव्हता. हातात काळ्या कॉफीचा पेला. तो बशीवरून उचलताना वाजला आणि थोडी कॉफी सदऱ्यावर सांडली. त्यांची आई दारातच बसली होती.

"बगा, पावणं, बगा तुमीच. हात बगा. झोप न्हाई, जेवान न्हाई, पोरांच्या अंगावर वराडतोय. आन् ही काळी काफी! काळी काफी कोन पितं? ज्याला रातची उतरवायची असती त्यो."

"आई, गप बस," दाजी म्हणाले.

"का गप बसू? दर साली पेटीत दोन बाटल्या असत्यात. ह्या साली कुटं गेल्या? सांग की पावण्यांम्होरं!"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. बहिणीनंही पाहिलं. दोन्ही बाटल्या साताऱ्यात, माझ्या कपाटात होत्या.

"कुणाला तरी दिल्या," दाजी म्हणाले.

"कुणाला?"

"दिल्या, झालं."

बहीण मला आत घेऊन गेली. "दादा, मला खरं सांग. हे पितात का?"

"मी बोलतो त्यांच्याशी," मी म्हणालो. ते पीत नाहीत, असं म्हणालो नाही. एवढ्यावरच ती समजायचं ते समजली.

दाजी मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. मी त्यांचं मनगट धरून घड्याळ पाहिलं. ठोके मोजले, ते फारच जलद पडत होते. तेव्हा गोळ्या बंद करा असं म्हणायला हवं होतं. पण दोनच किलो राहिले होते आणि बारा दिवस. "कॉफी जरा कमी करा," इतकंच म्हणालो.

"कॉफी सोडली की झोपच येती अंगावर, आन् भूक पेटती. एवढं बारा दिवस काढतो, मेव्हणं."

त्यांनी काढले. मेडिकलला वजन बरोबर भरलं. नाडी आणि रक्तदाब भरले नाहीत. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि तब्येतीची खालची कॅटेगरी लिहिली. गोळ्या संपल्यावर दोन महिन्यांत सगळं जागेवर आलं, पण तोवर बढतीची यादी लागून गेली होती. पुढच्या वर्षी दाजी हवालदार म्हणूनच घरी आले आणि साखर कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला लागले. कोणी "दारूनं घात केला" म्हणालं, तर ते मान खाली घालून ऐकून घेत. लग्नकार्यात पोरं मागून हातानं पेल्याची खूण करत, तीही त्यांना दिसे. एकदाही माझं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. माझं लायसन शाबूत राहिलं. दुकान मी मागच्या वर्षी विकलं.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा मी आधी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "कागदाला सांगून काय हुतंय? तुमच्या बहिणीला सांगा."

म्हणून परवा सांगलीला गेलो. बहीण स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी गोळ्या सांगितल्या, कॉफी सांगितली, बाटल्याही सांगितल्या. ती मेथी निवडतच राहिली. जुडी संपली तेव्हा म्हणाली, "मी अजून त्यांच्या तोंडाचा वास घेते, दादा. बाहेरून आले की आधी तेच. त्यांनाही ठाऊक आहे. दारात आले की स्वतःच थांबतात."

मग ती उठून बाहेर गेली. दाजी खुर्चीवर पेपर वाचत होते. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. शेवटी म्हणाली, "चहा टाकू?"

"टाक की. मेव्हण्यांना बी इचार."

"त्यांना नको," बहीण म्हणाली.

मी चपला घातल्या. दाजी मला थांब्यापर्यंत सोडायला उठत होते. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.